घरातील बिनतारी जोडणी वारंवार तुटते : निदान व उपाय

इंटरनेटची जोडणी ही शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने आता चैनीची बाब राहिलेली नाही. महाडीबीटी संकेतस्थळावर अनुदानासाठी अर्ज करणे, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढणे, पीक विम्याचा हप्ता भरणे, बाजारभाव व हवामानाचा अंदाज पाहणे ही कामे अनेक घरी मोबाइलवरून होतात. घरातील वाय-फाय मध्येच तुटले, तर भरत आणलेला अर्ज वाया जातो. आणि तो मुदतीचा अखेरचा दिवस असल्यास त्या हंगामाचा लाभ हातचा जातो.

अशा वेळी पुष्कळजण नवा राऊटर विकत आणतात. परंतु रोग न ओळखता औषध फवारावे, त्यातलाच हा प्रकार होय. पान पिवळे पडले म्हणजे नत्राचीच उणीव असते असे नाही. मुळाशी पाणी साचूनही ते पिवळे पडते. तद्वत जोडणी तुटण्याचे कारण बाहेरून येणाऱ्या तारेत असेल, राऊटरला मिळणाऱ्या विजेत असेल, किंवा राऊटरपासून मोबाइलपर्यंतच्या बिनतारी टप्प्यात असेल. दोष कोठे आहे हे आधी ठरवावे व मगच खर्च करावा.

दोषाचे ठिकाण ओळखणे

जोडणी तुटताच राऊटर बंद-चालू करण्याची घाई करू नये. त्यामुळे दोषाची खूणच नाहीशी होते. प्रथम पुढील गोष्टी पाहाव्यात.

(१) राऊटरचे सर्व दिवे एकदम विझून पुन्हा लागत असल्यास दोष विजेचा असतो.

(२) ऑप्टिकल फायबरच्या पेटीवरील ‘एल.ओ.एस.’ हा दिवा लाल झाल्यास तारेतून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोचत नाही, असे समजावे.

(३) मोबाइलवर वाय-फायची खूण पूर्ण दिसते, परंतु घरातील सर्व मोबाइलवर एकाच वेळी इंटरनेट मिळत नाही. अशा वेळी दोष बहुधा बाहेरच्या जोडणीत असतो.

(४) खूण क्षीण होते व राऊटरजवळ येताच सुधारते. येथे दोष बिनतारी टप्प्यात असतो.

(५) एकाच मोबाइलची जोडणी तुटत असल्यास दोष त्या मोबाइलचा असतो. त्यातील वाय-फायची जुनी नोंद काढून टाकून पासवर्ड नव्याने घालावा. बॅटरी बचतीची सोय काही दिवस बंद ठेवून पाहावी.

विजेचे दोष

शेतातील वस्तीवर हे कारण वारंवार आढळून येते. पंप सुरू होताच विजेचा दाब क्षणभर उतरतो. घरातील दिवा किंचित मंदावतो, एवढेच माणसाच्या ध्यानात येते. परंतु तेवढ्यात राऊटर बंद पडून नव्याने सुरू होतो व जोडणी परत मिळण्यास काही मिनिटे जातात. सबब जोडणी तुटण्याची वेळ व पंप सुरू करण्याची वेळ जुळते काय, हे पाहावे. जुळत असल्यास राऊटरसाठी मिळणारा लहान बॅटरी-संच बसवावा. ॲडाप्टर सैल बसला असल्यास तोही बदलावा. नव्या ॲडाप्टरचे व्होल्ट राऊटरवर लिहिल्याप्रमाणे तंतोतंत असावेत, तर अँपिअर लिहिल्यापेक्षा कमी नसावेत. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्यास राऊटरचा प्लग काढून ठेवणे हिताचे असते.

राऊटरची जागा

राऊटरमधून निघणाऱ्या लहरी मोकळ्या हवेतून सहज जातात. जाड दगडी भिंत, ओली मातीची भिंत व पाण्याची टाकी यांत त्या बऱ्याच शोषल्या जातात. पत्रा, लोखंडी कपाट, धान्याची पत्र्याची कोठी यांवरून तर त्या परत फिरतात. कोपऱ्यातील खोलीत, कोठीच्या मागे ठेवलेला राऊटर चांगला असूनही ओसरीवर बसलेल्यास उपयोगी पडत नाही. तो घराच्या मध्यभागी, पुरुषभर उंचीवर, उघड्या फळीवर ठेवावा. सिमकार्डावर चालणारा राऊटर असल्यास तो टॉवरच्या दिशेच्या खिडकीजवळ ठेवून पाहावा.

उष्णतेकडेही लक्ष द्यावे. घरगुती राऊटर सामान्यतः ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनविलेले असतात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा याहून वर जातो व पत्र्याखालची हवा त्याहूनही तापते. दुपारी तुटणारी व रात्री सुरळीत चालणारी जोडणी असेल, तर राऊटर छतापासून खाली घ्यावा, त्यावरील कापड काढावे व झरोक्यांतील धूळ पुसावी.

लहरींचे दोन पट्टे

बहुतेक नवे राऊटर २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. पहिला पट्टा भिंती ओलांडून दूरवर पोचतो, परंतु त्यात गर्दी असते. शेजारचे राऊटर, ब्लूटूथ व मायक्रोवेव्ह भट्टी यांचा त्यात अडथळा होतो. दुसरा वेगवान असला तरी दुसऱ्या-तिसऱ्या भिंतीपलीकडे क्षीण होतो. मोबाइल या दोहोंमध्ये सारखा बदल करीत राहिल्यानेही जोडणी तुटते. दोन्ही पट्ट्यांस वेगळी नावे द्यावीत व दूरच्या खोलीत २.४ चा पट्टा वापरावा. घरे दाटीने असल्यास २.४ च्या पट्ट्यात १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडावा; हे तीन एकमेकांत मिसळत नाहीत.

गोठ्यापर्यंत जोडणी न्यावयाची असल्यास लॅन केबल सर्वांत भरवशाची. ती १०० मीटरपर्यंत नेता येते. त्याऐवजी रिपीटर बसविल्यास तो गोठ्यात न ठेवता मध्यावर ठेवावा. लहर जेथे पोचतच नाही, तेथे रिपीटर पुढे काय पाठविणार?

फायबरची काळजी

फायबर म्हणजे काचेचा बारीक तंतू. तो दुमडला तर आतील प्रकाश बाहेर निसटतो. ३ सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचा बाक त्यास देऊ नये. खिळ्यावर करकचून बांधलेली, दाराच्या फटीत चेपलेली किंवा उंदरांनी कुरतडलेली केबल शोधून काढावी. केबलच्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नये. तो प्रकाश दिसत नाही, परंतु डोळ्यास अपाय करू शकतो. राऊटरच्या मागील बारीक भोकातील कळही दाबून धरू नये. तिच्यामुळे कंपनीने भरलेली जोडणीची माहिती पुसली जाते.

नोंद व तक्रार

एका वेळी एकच बदल करावा व एक-दोन दिवस वाट पाहावी. राऊटर हलविला, ॲडाप्टर बदलला व चॅनेलही बदलला, तर गुण कशाने आला हे कळत नाही. वहीत चार रकाने आखावेत : वेळ, दिव्यांची स्थिती, सर्व मोबाइल की एकच, वीज व पाऊस. चार दिवसांची अशी नोंद पुढे ठेवून केलेली तक्रार टाळता येणे अवघड जाते. तक्रारीचा क्रमांक अवश्य लिहून घ्यावा.

पैसे भरत असताना जोडणी तुटल्यास लगेच दुसऱ्यांदा भरू नयेत. आधी बँक खात्यातील नोंद व अर्जाची स्थिती पाहावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अर्जांची मुदत जवळ येण्यापूर्वीच ही तपासणी दोन-चार घरी करून दाखवावी. दिवे पाहणे, वेळ टिपणे व राऊटर जागेवरून हलविणे यांस पैसा लागत नाही. जी घरे हे शिकतील, ती शेजाऱ्यांसही शिकवतील. अर्ज मात्र अखेरच्या दिवसावर टाकू नये. पेरणीप्रमाणेच यालाही वाफसा साधावा लागतो.