भयपटाच्या नामावलीतील देवनागरी अक्षर

भयपटाचे नाव पडद्यावर काही क्षणच टिकते. तेवढ्या अवधीत ते वाचता आले पाहिजे आणि मनात शंकाही उत्पन्न झाली पाहिजे. देवनागरीत या दोन अटींचे सहसा जुळत नाही. रोमन अक्षरांवरून उचललेला रक्ताचा ओघळ येथे अक्षराखाली लोंबला की उकाराचा वा पायमोडीचा भास होतो. वर उडालेला शिंतोडा अनुस्वार ठरतो. शिरोरेषा फाडावी, तर ‘घ’ व ‘ध’, ‘म’ व ‘भ’ यांतील भेद पुसट होतो. कारण ‘ध’ व ‘भ’ यांच्या माथ्यावर मुळातच खंड आहे.

‘सायको’ (१९६०) या चित्रपटाच्या नामावलीत सॉल बास यांनी साधी अक्षरे आडवी चिरून सरकविली. तिचे अनुकरण करताना मात्रा व वेलांट्या धडापासून तुटतात. मूळ नामावलीत अक्षरे एकदा जुळून मगच भंगतात, हे अनुकरण करणारे विसरतात.

सोलापूरकर अभ्यासकास याहून जवळचा नमुना उपलब्ध आहे. भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडल येथे शके ९४० (इ. स. १०१८) चा शिलालेख आहे. त्याचे जुने वळण जसेच्या तसे घेतल्यास आजच्या प्रेक्षकास ते वाचता येणार नाही. घ्यावयाची ती कोरीव अक्षरातील सावली: दिवा सरकला की ती हलते, अक्षर मात्र अभंग राहते. याकरिता जाड, साधा टंक पुरतो. संगणकावरील र. कृ. जोशीकृत ‘मंगल’ मात्र टाळावा. नावामुळे नव्हे, तर त्यात कचेरीतील पत्र आठवते म्हणून.