रुमालात बांधलेले संसार

शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण एकदा ती चढून कोणी खाली उतरले, म्हणजे त्यांच्या संसाराचे जे कागद वर राहतात त्यांचे पुढे काय होते, याचा विचार शहाणे आणि वेडे दोघेही करीत नाहीत. मराठीत ‘दप्तर’ म्हणजे पोरांच्या पाठीवरची पिशवी आणि ‘दप्तर’ म्हणजे सरकारी कागदांचा साठा. आणि ‘दप्तरदाखल झाले’ म्हणजे संपले, विसरले, असाच अर्थ आपण घेतो. मराठी शिकविणाऱ्या माझ्यासारख्याने या शब्दावर विद्यार्थ्यांना चार गमती सांगाव्यात, इतकाच त्याच्याशी माझा संबंध होता. तो वाढला माझ्या आत्यामुळे.

आत्याचे लग्न १९६७ सालचे. तीन वर्षांत ती माहेरी परत आली आणि नवऱ्याने दुसरा घरोबा केला. १९७४ साली आमच्या आजोबांनी तिच्या वतीने तालुक्याच्या दिवाणी कोर्टात पोटगीचा दावा लावला. हुकूमनामा झाला, काही वर्षे पोटगी आली, मग बंद पडली. आत्याने शिवणयंत्रावर आयुष्य काढले. चार वर्षांपूर्वी तिचे यजमान वारले. त्यांच्या शेतावर वारसनोंद लावताना आत्याचे नाव वगळण्यात आले. कारण सांगितले गेले की, १९७० सालीच काडीमोड झाली होती.

हे कारण वाटते तितके पोकळ नव्हे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कोर्टाच्या घटस्फोटाची वाट घालून दिली, पण ज्या समाजात रूढीने काडीमोड चालत आली आहे, तिथे ती रूढी कायद्याने मोडलेली नाही. म्हणून प्रश्न एकच उरला: काडीमोड झाली होती, की नव्हती? आत्या म्हणाली, “अरे, मोडली असती तर मी खावटी मागायला कोर्टात कशाला गेले असते?” बोलणे बिनतोड होते. पण सरकारी कचेरीत बिनतोड बोलण्याला तिकीट चिकटवता येत नाही. कागद हवा होता.

वाचकांपैकी पुष्कळांची समजूत अशी असेल की, असले कागद ‘फॅमिली कोर्टात’ मिळतात. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ सालचा, आणि ती न्यायालये प्रामुख्याने दहा लाखांवर वस्तीच्या शहरांसाठी योजलेली. जिथे असे न्यायालय नाही, तिथे नवराबायकोचे तंटे नेहमीच्याच कोर्टात चालतात. घटस्फोटाचे अर्ज साधारणपणे वरिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशापुढे, पोटगीचा दिवाणी दावा तालुक्याच्या कोर्टात आणि फौजदारी कायद्याखालची पोटगी मॅजिस्ट्रेटपुढे. एकाच भांडणाचे कागद असे तीन ठिकाणी विखुरलेले असू शकतात. अपील झाले असेल तर चौथे ठिकाण जिल्ह्याचे.

त्यात जिल्हेही जागचे हलले आहेत. १९८१ पूर्वी सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा नव्हता. त्या काळच्या अपिलाचा माग रत्नागिरीकडे काढावा लागतो. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत होते. मराठवाड्यात १९४८ पूर्वीचा कागद निजामाच्या अमलातला, म्हणजे बहुधा उर्दू. कोल्हापूर संस्थान १९४९ साली विलीन झाले. त्याचे जुने दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे. आणि पणजोबांच्या काळापर्यंत मागे जायचे, तर मोडी वाचणारा मनुष्य गाठावा लागतो.

आमचा तालुका घाटावरचा, दावा मराठी बाळबोधीतला, म्हणून यातल्या बऱ्याच अडचणी टळल्या. पण पहिल्याच पायरीशी ठेच लागली. नक्कल विभागातल्या भाऊसाहेबांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, “मुकदमा नंबर? साल?” आत्याला साल एवढेच ठाऊक की, बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा पावसाळा. कोर्टाच्या संगणकावर हल्ली पक्षकाराच्या नावावरून खटला सापडतो खरा, पण तो अलीकडचा. पन्नास वर्षांपूर्वीचा दावा तिथे कुठला असणार?

येथे एका वृद्ध वकीलसाहेबांनी दिलेली युक्ती वाचकांच्या उपयोगाची आहे. ते म्हणाले, “कोर्टातला नंबर कोर्टात शोधू नका. जमिनीत शोधा.” पोटगीचा किंवा वाटपाचा हुकूमनामा झाला आणि त्याचा बोजा जमिनीवर ठेवला गेला, म्हणजे त्याची नोंद गावी फेरफाराच्या वहीत होते आणि तिथून सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात येते. सध्याच्या सातबारावर आत्याचे नाव नव्हते. सातबारा दर दहा वर्षांनी नव्याने लिहीत असत, आणि अशा एखाद्या लिहिण्यात जुना बोजा गळून पडणे ही काही अपूर्व गोष्ट नव्हे. परंतु फेरफाराची नोंद जिथल्या तिथे राहते. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात ती वही सापडली. तिच्यात कोर्टाचे नाव, ‘रे. मु. नं.’ आणि निकालाची तारीख, तिन्ही गोष्टी तीन ओळींत.

नंबर हाती आल्यावर भाऊसाहेबांचा सूरच पालटला. दिवाणी दाव्यांची वही सालवार असते आणि दर साली क्रमांक नव्याने सुरू होतात. नंबर व साल मिळाले म्हणजे निम्मे काम झाले. आत्या स्वतः दाव्यातली वादी, त्यामुळे नकलेचा अर्ज तिच्याच सहीने केला. तिऱ्हाइताने अर्ज केल्यास त्याला कारण सांगावे लागते, आणि ते योग्यच आहे. विवाहाच्या अर्जांच्या बाबतीत तर कायदा अधिकच सांभाळून आहे: सुनावणी बंद दाराआड, आणि तिथला मजकूर छापण्यास मनाई. कोणाच्याही संसाराची लक्तरे हौसेने वेशीवर टांगण्यासाठी हे दप्तर नाही.

दोन खेपा रिकाम्या गेल्या. तिसऱ्या खेपेस रेकॉर्ड रूममधून एक रुमाल आला. फडके मळून तपकिरी झालेले, आतल्या कागदांच्या कडा वाळवीने कुरतडलेल्या. दाव्याचे सगळे कागद सारख्या आयुष्याचे नसतात. त्यांचे वर्ग पाडलेले असतात आणि ठरावीक मुदतीनंतर किरकोळ कागद नष्ट करण्यात येतात. कोर्टाचे दप्तर नष्ट करण्यासंबंधीचा कायदाच १९१७ सालचा आहे. निकालपत्र आणि हुकूमनामा मात्र पुष्कळ जगतात. आत्याच्या रुमालातून समन्स गेले होते, साक्षीदारांचे भत्ते गेले होते, आणि जिच्यावर आमची सारी भिस्त होती ती नवऱ्याची कैफियतही गेली होती.

पण जुने न्यायाधीश निकाल देण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे म्हणणे सविस्तर उतरवून घेत. निकालपत्राच्या दुसऱ्या पानावर प्रतिवादीचे म्हणणे होते: वादी ही आपली लग्नाची बायको आहे हे कबूल, ती आपण होऊन माहेरी गेली, आपण तिला आजही नांदवावयास तयार आहोत. म्हणजे ज्या माणसाने १९७० साली काडीमोड केली असे सांगितले जात होते, तोच माणूस १९७४ साली कोर्टात तिला बायको म्हणत होता! पोटगी चुकविण्यासाठी घेतलेला बचाव पन्नास वर्षांनी तिच्याच कामी आला.

सुदैवाने रोजनामाही शिल्लक होता. त्यात युक्तिवाद नसतो, फक्त तारखा असतात. ‘वादी हजर. प्रतिवादी गैरहजर. मुदत.’ पुन्हा ‘वादी हजर. प्रतिवादी गैरहजर.’ अशा चौदा तारखा मी मोजल्या. आमच्या गावाहून तेव्हा एस. टी. नव्हती, फाट्यापर्यंत दोन कोस चालत यावे लागे. पंचवीस वर्षांची एक बाई चौदा वेळा आली, एवढेच त्या ओळी सांगतात. मी त्या आत्याला वाचून दाखविल्या. ती इतकेच म्हणाली, “बाबा बरोबर असायचे. त्यांचं नाव लिहिलं नाही का कुठं?” नव्हते लिहिले.

रखमाबाईंचा खटला आपणा सर्वांना ठाऊक आहे. १८८५ चा पहिला निकाल, १८८७ चा उलट निकाल, ‘नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा’ हा पेच, पुढे त्यांचे डॉक्टर होणे, हे सारे ग्रंथांत आले, कारण खटला मुंबईच्या हायकोर्टातला होता आणि वर्तमानपत्रांनी तो गाजविला. तालुक्याच्या कोर्टांत ज्या चढल्या आणि उतरल्या, त्यांचा ग्रंथ म्हणजे हा रुमाल. दुसरी प्रत नाही.

सही-शिक्क्याची नक्कल जोडून आत्याने वारसनोंदीवर हरकत घेतली. सुनावणी झाली आणि विधवा पत्नी म्हणून तिचे नाव लागले. दुसऱ्या घरोब्याच्या मुलांची नावे कायम राहिली. असे विवाह कायद्याने रद्दबातल असले, तरी मुलांना बापाच्या मिळकतीत हक्क आहे. कोणी त्याबद्दल कुरकूर केली तेव्हा आत्या म्हणाली, “राहू दे की. पोरांनी काय केलंय?” कायद्याचे कलम आणि आत्याचे मत इतके जुळलेले मी दुसरीकडे पाहिले नाही.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली येतेच. पिवळे पडलेले स्टँपपेपर रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उलगडून पाहा. एखाद्या कागदावर कोर्टाचे नाव, नंबर आणि साल दिसले, तर तेवढी एक ओळ घरच्या वहीत उतरवून ठेवा. आणि घरात कोणी आत्या, मावशी, काकू असेल, तर तिला विचारून ठेवा. दप्तरातला कागद पन्नास वर्षे वाट पाहू शकतो; त्याचा पत्ता ज्यांना ठाऊक असतो, त्यांना मात्र तेवढी उसंत नसते.