डोळे मिटले की तोल का जातो?

स्टेशनात आपली लोकल उभी असते. शेजारच्या रुळावरची गाडी हलते आणि वाटते, आपलीच निघाली. फलाटाचा खांब दिसला की कळते, आपण जागेवरच आहोत.

आपण हललो की नाही, हे मेंदू तीन बातम्या जुळवून ठरवतो. एक डोळ्यांकडून, दुसरी कानाच्या आतल्या भागाकडून, तिसरी स्नायू, सांधे आणि तळपायांकडून. ही तिसरी आपल्या ध्यानातही येत नाही. डोळे मिटून नाकाला बोट लावून बघा. हात कुठे आहे हे न बघता कळते, ते तिच्यामुळे.

बातम्या जुळल्या नाहीत तर मेंदू पुष्कळदा डोळ्यांचेच ऐकतो. ली आणि ॲरन्सन या संशोधकांचा १९७४ सालचा एक प्रयोग आहे. नुकतीच चालू लागलेली बाळे एका टांगलेल्या खोलीत उभी केली आणि नुसत्या भिंती सरकवल्या. बाळे डुलली, काही पडलीसुद्धा. जमीन जागची हललीच नव्हती!

आता घरातले बघू. बरीच वर्षे साखर असली की पायाच्या नसा बधिर होऊ शकतात. चप्पल निसटली तरी कळत नाही. असा माणूस डोळ्यांच्या भरवशावर चालतो, म्हणून उजेडात कुणाच्या लक्षात येत नाही. रात्री संडासला जाताना गल्लीतला दिवा गेला, किंवा मोरीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले, की झोक जातो. घरचे म्हणतात, वय झाले. मग दुकानातून चक्करीची गोळी येते. त्या गोळीने बधिर पाय जागा होत नाही.

ब१२ जीवनसत्त्व कमी पडले तरी असेच होते. साखरेची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ते कमी होऊ शकते. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना रक्त तपासायला सांगा.

पाय जुळवून उभे करायचे, मग डोळे मिटायला लावायचे. उघड्या डोळ्यांनी स्थिर असलेला माणूस मिटताच झोकांड्या खातो का, हे बघायचे. एकोणिसाव्या शतकातल्या रोंबर्ग या जर्मन डॉक्टरांच्या नावाची ही तपासणी. तिला ना यंत्र लागते ना पैसा, तेव्हा सरकारी दवाखान्यातही हक्काने मागा. घरी एकट्याने करू नका, माणूस पडतो. तोवर आजी-आजोबांच्या उशाशी बॅटरी ठेवा, आणि तोंड धुवायला त्यांना बसायला स्टूल द्या.