जळालेल्या पोथ्यांच्या झेरॉक्स

युद्ध आणि वारसा : लेखांक ७

मागच्या लेखात आपण १९५४चा हेग करार पाहिला. वास्तू, ग्रंथालयं, प्रार्थनास्थळं यांना युद्धात धक्का लावायचा नाही, असं तो बजावतो आणि 'लष्करी गरज' असेल तर सूटही देतो. या पळवाटेतूनसुद्धा ज्याचं समर्थन करता येणार नाही, असं सारायेव्होत घडलं.

बोस्नियाची ही राजधानी डोंगरांच्या खोबणीत वसलेली आहे. १९९२च्या एप्रिलमध्ये सर्ब फौजांनी ते डोंगर धरले आणि शहराला वेढा पडला. १७ मे रोजी तिथल्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटवर आगलावे तोफगोळे आले. अरबी, फारसी, तुर्की आणि अरबी लिपीत लिहिलेली बोस्नियन अशी ५,२६३ हस्तलिखितं तिथे होती. जवळजवळ सगळी गेली. शेजारच्या इमारती मात्र बऱ्याच अंशी शाबूत राहिल्या. नेम चुकला होता, असं म्हणायला जागाच उरत नाही.

तीन महिन्यांनी पाळी आली राष्ट्रीय ग्रंथालयाची. मिल्यात्स्का नदीकाठची ही देखणी इमारत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अमलात १८९६ साली नगरभवन म्हणून उघडली. १९१४मध्ये युवराज फ्रान्झ फर्डिनांड इथलाच सत्कार आटोपून बाहेर पडला आणि थोड्याच वेळात त्याची हत्या झाली. २५ ऑगस्ट १९९२च्या रात्री गोळे पडू लागले. वेढ्यामुळे पाण्याला दाब नव्हता, आग विझवणाऱ्यांवर डोंगरावरून गोळीबार सुरू होता. तरीही ग्रंथपाल आणि गावकरी साखळी करून उभे राहिले, हातोहात पुस्तकं बाहेर काढत राहिले. एक तरुण ग्रंथपाल त्याच दिवशी तोफगोळ्याने मारली गेली. जळक्या पानांची काळी राख शहरभर पडत होती. किती ग्रंथ गेले? कुणी पंधरा लाख म्हणतं, इमारतीच्या दाराशी असलेली पाटी वीस लाखांहून जास्त सांगते.

या फडताळांत मुसलमानांचे, कॅथलिकांचे, स्पेनमधून हाकलल्यावर इथे आलेल्या ज्यूंचे ग्रंथ होते, सर्बांचेही होते. तोफा डागणाऱ्यांनी स्वतःच्या पूर्वजांचा कागदही जाळला. मला वाटतं, त्यांना नकोशी होती ती ही सरमिसळच. इथले लोक कायम वेगवेगळे राहिले, हे दाखवायचं तर ते एकत्र नांदल्याचा कागद उरता कामा नये.

सगळंच मात्र गेलं नाही. १५३७ सालच्या गाझी हुस्रेव-बेग ग्रंथालयात दहा हजारांवर हस्तलिखितं होती. संचालक मुस्तफा याहिच आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी ती केळ्यांच्या रिकाम्या खोक्यांत भरली आणि वेढा असतानाच एका जागेहून दुसऱ्या जागी, अशी आठ वेळा हलवली. नदीवरचे पूल बंदुकांच्या टप्प्यात होते. खोकी उचलून तेच पूल ओलांडायचे! या माणसांबद्दल लिहिताना माझा हात थबकतो.

आणि जे जळून गेलं त्याचं काय? हार्वर्डमधले ग्रंथपाल आंद्रास रिडलमायर यांना साधी गोष्ट सुचली. युद्धाआधी जगभरचे अभ्यासक सारायेव्होला येऊन गेले होते. जाताना त्यांनी आपापल्या कामापुरत्या पोथ्यांच्या झेरॉक्स नेल्या होत्या, मायक्रोफिल्म करून घेतल्या होत्या. त्या कुणाच्या तरी टेबलाच्या खणात पडून असणार. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्वानांना आवाहन करून या नकला गोळा करायला घेतल्या. पुढे याच रिडलमायर यांनी मशिदी, चर्च, ग्रंथालयं यांच्या नासधुशीची गावोगाव पाहणी केली आणि हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयात सर्बियाचा नेता मिलोशेविच याच्याविरुद्ध साक्ष दिली.

झेरॉक्सवर शाईचा रंग येत नाही, कागदाचा पोत कळत नाही, बांधणी तर दिसतच नाही. गेलेल्या हजारोंपुढे मिळालेल्या नकलाही मूठभर. पण जी पोथी आता जगात नाही, तिचा मजकूर पुन्हा वाचता येतो.

ग्रंथालयाची इमारत ९ मे २०१४ रोजी पुन्हा उघडली. रंगीत काचांचं छत, कमानी, सगळं हुबेहूब केलं आहे. तिथे समारंभ होतात, प्रदर्शनं भरतात. राष्ट्रीय ग्रंथालयाचा मुख्य कारभार मात्र दुसरीकडे, एका जुन्या लष्करी छावणीच्या आवारात चालतो.

पुढच्या आठवड्यात दुब्रोव्निक : ६ डिसेंबर १९९१ची तोफांची सकाळ आणि त्यासाठी तुरुंगात गेलेले दोन सेनाधिकारी.