सुईदोऱ्याविना राधेचा घागरा

श्रावण वद्य अष्टमी जवळ आली, की घरोघरी लगबग सुरू होते. माळ्यावरचा पाळणा खाली उतरतो, सुंठवड्यासाठी सुंठ कुटली जाते, आणि घरातील चिमुरड्यांपैकी कृष्ण कोण व राधा कोण, याचा निवाडा होतो. कृष्णाचे काम सोपे. पीतांबर, मस्तकी मोरपीस आणि हाती बासरी, की नंदलाल उभा राहिलाच! पंचाईत होते ती राधेची. तिला घेरदार घागरा हवा. सणाच्या तोंडावर शिंपी हाती लागत नाही आणि शिवणयंत्र तर प्रत्येक घरी नसते.

अशा गृहिणींसाठी सुईदोऱ्यास हातही न लावता होणारा घागरा आज आम्ही सांगणार आहोत. ही कल्पना मूळची पाश्चात्यांची. बॅले नृत्य करणाऱ्या नर्तकी तलम जाळीचा जो फुललेला घागरा घालतात, त्यास 'टुटू' म्हणतात. त्या जाळीला 'ट्यूल' हे नाव फ्रान्समधील ट्यूल या गावावरून मिळाले. आपल्या कापडबाजारात ती 'नेट' म्हणून मिळते. हिचा मोठा गुण असा, की कापल्यावर हिच्या कडेचे धागे सुटत नाहीत. त्यामुळे कड दुमडावी लागत नाही आणि टीपही मारावी लागत नाही.

पाच-सहा वर्षांच्या मुलीची कंबर साधारणपणे वीस-एकवीस इंच भरते. कमरेच्या मापाहून दोन इंच कमी, परंतु गाठीसाठी चार इंच अधिक, असे अर्धा-पाऊण इंच रुंदीचे इलॅस्टिक कापावे. टोकांना घट्ट निरगाठ मारून त्याचे कडे करावे. मुलीच्या कमरेवर ते चढवून आत दोन बोटे सहज जातात ना, हे पाहावे. मग ते कडे खुर्चीच्या पाठीवर चढवावे, म्हणजे काम करताना ते ताणलेले राहील.

घागरा गुडघ्याखाली येईल इतकाच ठेवावा. पायघोळ केल्यास धावताना पाय अडकतो. चौदा इंच उंची हवी असेल, तर पट्टी तिच्या दुपटीहून एक इंच अधिक, म्हणजे एकोणतीस इंच लांब आणि सहा इंच रुंद कापावी. अशा सुमारे साठ पट्ट्या लागतात. साठ इंच पन्ह्याचे नेट साडेचार मीटर आणले, की तेवढ्या निघतात. पिवळा, हिरवा, गुलाबी असे दोन-तीन रंग आलटूनपालटून घेतले, तर शोभा वाढते.

आता पट्टी मधोमध दुमडावी. दुमडीचा फास इलॅस्टिकच्या मागून वर काढावा, पट्टीची दोन्ही टोके त्या फासातून ओवून घ्यावीत आणि हलकेच खाली ओढावीत. गाठ आपोआप बसते. फार आवळू नये, अन्यथा इलॅस्टिक वळते. पट्ट्या एकमेकींना खेटून बसविल्या, की घेर भरून येतो. नेट अंगाला टोचते, म्हणून आत सुती परकर अवश्य घालावा. एका संध्याकाळी घरातील सर्वांनी मिळून गाठी मारल्या, तर रात्रीच्या जेवणापूर्वी घागरा तयार होतो.

येथवर आनंदाची गोष्ट झाली. परंतु हा लेख लिहिण्याचे खरे कारण पुढेच आहे.

चार वर्षांपूर्वी आमच्या घरी जन्माष्टमीच्या रात्री पाळणा हलविण्यासाठी आमची छोटी राधा वाकली आणि घागऱ्याची कड पाटाजवळच्या निरांजनाला लागली. आजी जवळच होत्या. त्यांनी हातातला ओला पंचा झटकन दाबला, म्हणून अनर्थ टळला. घागऱ्याला तळहाताएवढे भोक पडले होते. तो गोकुळातला आनंद क्षणात थिजला, हे आम्ही आजही विसरलेलो नाही.

हा धोका जुनाच आहे. पॅरिसच्या ऑपेरात १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीच्या वेळी एम्मा लिव्री या तरुण नर्तकीच्या घागऱ्याने गॅसच्या दिव्यावर पेट घेतला. आगीपासून रक्षण करणाऱ्या द्रावणातले घागरे तेव्हा उपलब्ध होते. परंतु ते कडक आणि मळकट दिसतात, म्हणून तिने ते नाकारले होते. आठ महिने यातना सोसून जुलै १८६३ मध्ये ती निवर्तली. तिचे वय अवघे वीस होते.

आजचे नेट बहुधा नायलॉनचे वा पॉलिएस्टरचे असते. ते जळताना वितळते आणि कातडीला चिकटते. म्हणून भगिनींनो, काही नियम व्रतासारखे पाळावेत. घागरा नाचासाठी आणि छायाचित्रासाठी असावा. आरतीपूर्वी तो उतरवून मुलीला सुती परकर-पोलके घालावे. राधेच्या हाती निरांजनाचे तबक देऊ नये. समई मुलांच्या वाटेत नसावी आणि रांगोळीभोवती जमिनीवर पणत्या मांडू नयेत. पाळण्याच्या मखराला नेट लावले असेल, तर दिवा दूर ठेवावा.

दुर्दैवाने कपड्याने पेट घेतलाच, तर मुलाला पळू देऊ नये. जमिनीवर आडवे करून जाड सुती चादरीने वा घोंगडीने ज्वाळा दाबावी. भाजल्या जागी वीस मिनिटे थंड नळाचे पाणी सोडावे. चिकटलेले कापड ओढून काढू नये, हळद वा टूथपेस्ट लावू नये आणि तातडीने डॉक्टर गाठावा.

धर्मकार्यात न शिवलेले वस्त्र शुद्ध मानण्याची आपली रीत आहे. आमचा हा घागरा काही सोवळ्याचा नव्हे, तो केवळ कौतुकाचा. परंतु ज्या बाळकृष्णाचा पाळणा आपण हलवितो, त्याचेच रूप घरातल्या लेकरांत पाहावयाचे, तर त्यांना जपणे हीही त्याची सेवाच होय. देव्हाऱ्यातला दिवा तेवत राहो आणि घरची राधा सुखरूप नाचत राहो!