चाक काय म्हणतंय?

मुंबईची जुनी काळी-पिवळी टॅक्सी म्हटली की तुमच्या आई-बाबांच्या डोळ्यांपुढे एकच गाडी उभी राहते – प्रीमियर पद्मिनी! मूळची इटलीच्या फियाट कंपनीची ही गाडी आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. पण काही हौशी मंडळींनी आपल्या घरच्या पद्मिनी अजून जिवापाड जपल्या आहेत.

समजा, अशीच एक गाडी तुमच्या आजोबांकडे आहे. रविवारी सकाळी तुम्ही दोघं फेरफटका मारायला निघालात. कोपऱ्यावर आजोबांनी ब्रेक दाबला आणि पुढच्या चाकातून आवाज आला, ‘किर्रर्र!’

“त्यात काय, दोन थेंब तेल सोडू!” असं म्हणणार असाल, तर थांबा. करकरणाऱ्या दाराला तेल घालतात, ब्रेकला कधीच नाही! का, ते कळायला ब्रेकच्या आत डोकावायला हवं.

ड्रमच्या पोटात

पद्मिनीच्या चाकाबरोबर एक लोखंडी डबा गरगर फिरत असतो. हा ड्रम. त्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन ‘शू’ असतात. ते चाकाबरोबर फिरत नाहीत. त्यांच्या पाठीवर एक खरखरीत पट्टी बसवलेली असते, तिला म्हणतात लायनर. ब्रेक दाबला की शू बाहेर ढकलले जातात, लायनर ड्रमला आतून घासतं आणि चाक मंदावतं. पाय उचलला की स्प्रिंगा शूंना परत आत ओढतात.

म्हणजे घासणं हेच ब्रेकचं काम! तिथे तेल गेलं की आवाज बंद होईल, पण गाडीही थांबणार नाही.

आता एक सांगा, बसने करकचून ब्रेक मारला की आपण कुठे जातो? पुढे! गाडीचा भारही तसाच पुढच्या चाकांवर येतो. म्हणून जास्त मेहनत पुढच्या ब्रेकांनाच करावी लागते.

प्रत्येक आवाजाचा अर्थ वेगळा

किर्रर्र : फळ्यावर खडू कधी कधी कसा किंचाळतो, आठवतं? खडू क्षणभर अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. हे इतकं भरभर होतं की खडू थरथरतो आणि आवाज निघतो. लायनरवर धूळ बसली किंवा ते घासून काचेसारखं गुळगुळीत झालं, की ब्रेकचंही असंच होतं. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकांनाच खरखर झाली आणि मग थांबली, तर घाबरू नका. ड्रमवर रात्रीत चढलेला हलका गंज घासून निघाला, इतकंच.

खर्र-खर्र : हा मात्र धोक्याचा इशारा! जुन्या शूंवर लायनर रिव्हेटांनी ठोकलेलं असतं. ते झिजून पातळ झालं की रिव्हेटांची डोकी ड्रमला लागतात आणि त्यावर चरे पाडतात. लोखंडावर लोखंड घासल्यासारखं वाटलं, की गाडी बाजूला घ्यायची आणि मेकॅनिकला बोलवायचं.

खट्ट : ब्रेक लावताना एकदाच येणारा आवाज. काहीतरी सैल आहे. कदाचित ब्रेकमधलं, कदाचित चाकाला धरून ठेवणाऱ्या सांध्यांमधलं.

धप-धप : आवाजाबरोबर पायाखालचं पॅडलही उसळतंय? मग ड्रमचा गोलपणा बिघडला असण्याची शक्यता मोठी.

पक्के डिटेक्टिव्ह व्हा!

चांगला मेकॅनिक लगेच पाना उचलत नाही. आधी प्रश्न विचारतो. आवाज ब्रेक दाबल्यावरच येतो, की नुसतं चालतानाही? वेगाबरोबर वाढतो का? डाव्या चाकाचा, की उजव्या?

ब्रेक न दाबताही घूं-घूं येत असेल आणि डावीकडे वळताना ती वाढत असेल, तर उजव्या चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. कारण डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो. बाजू ओळखायची आणखी एक युक्ती आहे. मोकळ्या रस्त्यावर, कुंपणाच्या भिंतीलगत, काच खाली करून मोठ्यांनी गाडी सावकाश चालवायची. भिंतीवर आपटून आवाज स्पष्ट ऐकू येतो. तुम्ही आपल्या जागी बसून नुसते कान द्या. डोकं बाहेर काढायचं नाही हं!

आणि लक्षात ठेवा, आवाज नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढत असेल, तर तेही सांगायलाच हवं.

ड्रम उघडणं मात्र जाणकारांचंच काम. जुन्या लायनरमध्ये बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. त्याची धूळ श्वासातून आत गेली तर फुप्फुसांचे गंभीर आजार होऊ शकतात. म्हणून आतली धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवायची नसते.

घरी जुनी गाडी नाही? सायकल तर आहे ना! ब्रेक दाबून चाक हळू फिरवा आणि कान द्या. ब्रेकचं रबर किती उरलंय, तेही पाहा. ते झिजून आतला धातू चाकाच्या रिमला घासत असेल, तर उतारावर निघण्याआधी आई-बाबांना सांगा.

चाक काहीतरी सांगत असतं. त्याचं तोंड बंद करण्याआधी ते काय म्हणतंय, ते ऐकून घ्या!