घरचे गाणे घरी टिपताना

परवा शिकवणी आटोपून विद्यार्थी निघाले, तेव्हा एका मुलीचे वडील जिन्यापाशी घुटमळत उभे राहिले. जरा संकोचूनच त्यांनी विचारले, "मास्तर, घरच्या घरी गाणे टिपून ठेवायला कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? पैसे फार पडू नयेत, आणि मला त्यातले काही कळत नाही, तेव्हा कटकटही नको." उत्तर एका वाक्यात देता आले असते. पण मी त्यांना पुन्हा आत बोलावले आणि चहा ठेवायला सांगितला. हे उत्तर सापडायला मला स्वतःला तीन वर्षे लागली, आणि त्या तीन वर्षांत थोडेफार गाणे हातचे गेले. रसिक वाचकांपैकीही कोणाला हीच अडचण असेल, म्हणून त्यांना जे सांगितले तेच येथे सविस्तर लिहितो.

आमचे वडील, नाना, बडोद्याच्या दरबारी कलावंत कारखान्यातल्या अगदी शेवटच्या पिढीतले. १९४९ च्या मे महिन्यात संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा ते २३ वर्षांचे होते. पुढे सारे आयुष्य त्यांनी शिकवण्या करण्यात घालवले. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. म्हणून दरबार मला ठाऊक आहे तो केवळ त्यांच्या बोलण्यातून. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली ती याच गावात. आफताब-ए-मौसिकी फैयाजखाँ येथेच राहिले आणि १९५० साली येथेच निवर्तले. भास्करबुवा बखले येथे फैज महंमद खाँसाहेबांपाशी शिकले. परंतु १९२२ साली बुवा गेले आणि त्यांच्या आवाजाची एकही तबकडी मागे राहिली नाही. फैयाजखाँच्या तबकड्या आहेत, पण त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-सव्वातीन मिनिटेच मावत. नाना म्हणायचे, "तबकडी म्हणजे वाड्याच्या दाराची कडी. ती वाजवून पाहिलीस म्हणजे वाडा पाहिलास असे समजू नकोस."

नानांचे स्वतःचे गाणे मात्र कोणी टिपलेच नाही. १९८८ च्या गणपतीत एका शेजाऱ्यांनी टेपरेकॉर्डर आणला होता, तेवढी एक कॅसेट आहे. साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस. नानांनी जौनपुरी मांडला, द्रुतची अस्ताई रंगली, आणि अंतऱ्याला हात घालतात न घालतात तोच खट् आवाज होऊन बाजू संपली. कॅसेट उलटण्याचे कोणाला भान राहिले नाही. २००४ साली नाना गेले. तो अंतरा मला शिकवायचा राहून गेला होता.

तो येत होता एकाच माणसाला, माझ्या आत्याला. आत्या आज ८६ वर्षांची आहे. तिने कधी बैठकीत गायले नाही. त्या काळी आमच्यासारख्या घरांतून मुलींना ते दार बंदच होते. पण नानांच्या तालमी चालत तेव्हा आतल्या खोलीत तांदूळ निवडता निवडता तिने सारे कानात साठवले. सकाळी भाजी चिरताना ती गुणगुणते, त्यात अशा काही चिजा येतात की मी शिकवणी थांबवून स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहतो. त्यातली एकेक टिपून ठेवावी, हा ध्यास घेऊन मी या सॉफ्टवेअरच्या नादाला लागलो.

पहिली चूक म्हणजे मी सगळ्यांत मोठे सॉफ्टवेअर घेतले. एका ओळखीच्या तरुणाने सांगितले, की व्यावसायिक स्टुडिओत हेच चालते. ते उघडताच पडद्यावर शंभर बटणे उमटली. किती ट्रॅक हवेत ते त्याने विचारले. ताल आणि लय मात्र न विचारताच स्वतः ठरवून टाकली, चार मात्रा आणि मिनिटाला १२० ठोके. आत्याला कसेबसे माईकसमोर बसवले आणि लाल बटण दाबले, तर गाण्याआधी टकटक सुरू झाली. आत्या म्हणाली, "अरे, ही कसली टकटक? कोणी दार वाजवतेय का?" ती टकटक बंद कशी करायची हे शोधण्यात माझी दहा मिनिटे गेली. तोवर आत्या उठून साबुदाणा भिजवायला निघून गेली. त्या दिवशी ती पुन्हा गायली नाही.

तेव्हा मला कळले, की 'वापरायला सोपे' या शब्दांचा आपल्या घरातला अर्थ निराळा आहे. गाणाऱ्या माणसाला लहर आली, की त्या क्षणापासून ध्वनिमुद्रण सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, हे पाहावे. तो अर्ध्या मिनिटाच्या आत असेल तर सॉफ्टवेअर सोपे. मग त्यात दुसरे काही असो वा नसो.

या कसोटीला मला उतरले ते ऑडॅसिटी. १९९९ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी त्याचे काम आरंभले आणि २००० साली ते सर्वांना खुले झाले. ते फुकट मिळते. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. उघडावे, माईक निवडावा, लाल गोल बटण दाबावे, एवढेच. कॅसेटसाठीही तेच उपयोगी पडते: टेप डेकच्या लाइन-आउटमधून तार काढून संगणकाच्या लाइन-इनला जोडायची. टेपच्या भोंग्यासमोर माईक धरून नक्कल करू नये.

एक खाचखळगा मात्र ध्यानात ठेवावा. त्यात 'सेव्ह' केले म्हणजे फक्त कामाची वही जपली जाते; ती दुसऱ्या यंत्रावर गाण्यासारखी वाजत नाही. वाजणारी फाइल हवी असेल तर 'एक्स्पोर्ट' करावे लागते. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी महिनाभराचा रियाज अशा वहीतच ठेवला आणि परगावी गेल्यावर ते हात चोळत बसले.

ज्यांच्यापाशी अॅपलचा संगणक किंवा फोन आहे, त्यांना गॅरेजबँड फुकट मिळते आणि ते दिसायलाही सुबक आहे; फक्त त्यातला मेट्रोनोम आधी बंद करावा. पुढे कंठ, तबला आणि पेटी वेगवेगळे टिपून जुळवायचे असतील, तर रीपर पाहावे. ते ६० दिवस सर्व सोयींसह वापरून पाहता येते आणि घरगुती परवाना ६० डॉलरला मिळतो. पण ही पुढची पायरी झाली. घरात तंबोरा आणि एक गळा असेल, तर तिची गरज भासत नाही.

वाचलेले पैसे माईकवर घालावेत. थेट यूएसबीने जोडता येणारा एक बरा माईक प्रारंभाला पुरतो. तो तोंडापासून एक वीत-दीड वीत दूर आणि किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे 'प' आणि 'फ' यांचे फुत्कार बसत नाहीत. पंखा बंद करावा. आणि बडोद्याच्या वैशाखात ते शक्य नसल्याने ध्वनिमुद्रण सकाळी लवकर उरकावे. भिंती उघड्या असतील तर गाद्या उभ्या करून ठेवाव्यात. आवाजाची पट्टी तारसप्तकातही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. ती शून्याला टेकली, की स्वर फाटतो आणि फाटलेला स्वर नंतर धड शिवता येत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि एकच चॅनेल ठेवला, तर तासाला सुमारे ५२० मेगाबाइट लागतात. एमपी३ मध्ये हाच तास साठेक मेगाबाइटमध्ये बसतो, पण त्यासाठी टाकून दिलेला आवाज पुन्हा मिळत नाही. म्हणून ठेवायला वेव्ह आणि नातेवाइकांना पाठवायला एमपी३.

आता दुसरी चूक सांगतो, जी मला अजून सलते. एके दिवशी आत्याने तोडी फार सुरेख गायली. टिपलेल्या आवाजात थोडी खरखर होती. ती काढण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते: नुसती खरखर असलेला तुकडा यंत्राला दाखवायचा, म्हणजे ते तशा प्रकारचा आवाज सगळीकडून पुसते. मी आरंभीचे दहा सेकंद दाखवले, कारण आत्या तेव्हा गात नव्हती. पण तंबोरा वाजत होता! यंत्राने माझे म्हणणे शब्दशः मानले. तंबोरा सारा पुसला गेला, आणि त्याबरोबर आत्याच्या स्वरांची हलकी टोकेही गेली. गाणे पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येऊ लागले. मी ते तसेच जतन करून सॉफ्टवेअर बंद केले. मूळ प्रत ठेवली नव्हती. दोष यंत्राचा नव्हे. तंबोऱ्याला खरखर मीच म्हणालो होतो. आत्याला ऐकवले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "माझ्या मागे कोणी बसलेच नाही रे?"

तेव्हापासून दोन नियम पाळतो. तंबोरा छेडण्याआधी रिकाम्या खोलीचे दहा सेकंद टिपायचे. खरखर काढायची झाल्यास तोच तुकडा दाखवायचा. आणि मूळ फाइलीला हात म्हणून लावायचा नाही. जी काटछाट करायची ती नकलेवर. स्वर आपोआप सुधारून देणाऱ्या सोयीपासून तर दूरच राहावे. ती बहुधा पेटीसारख्या बारा समान पायऱ्या धरून चालते. आपल्या मींडेच्या ती पायऱ्या करते आणि तोडीचा गंधार तिला बेसूर वाटतो.

गेल्या माघात एका सकाळी आत्या मेथी निवडत होती. मी नानांची कॅसेट संगणकात उतरवून ऐकत बसलो होतो. अस्ताई संपली, खट् झाले, आणि स्वयंपाकघरातून आत्याने पुढचा अंतरा उचलला. मी लाल बटण दाबले आणि माईक उंबऱ्यावर नेऊन ठेवला. तंबोरा नव्हता, खोलीचे दहा सेकंद नव्हते, मधे कुकरची एक शिटी आहे. तरी अंतरा पुरा आहे, दोनदा गायलेला. शिटी मी काढलेली नाही. फाइलीच्या नावात राग, ताल, आत्याचे नाव आणि तारीख घातली. एक प्रत संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक पुण्याला चुलतभावाकडे ठेवली.

त्या गृहस्थांचा चहा तोवर निवून गेला होता. मी विचारले, "तुम्हाला कोणाचे गाणे टिपायचे आहे?" ते म्हणाले, "आईचे. ओव्या म्हणते ती. वय झाले आता." मी म्हणालो, "मग सॉफ्टवेअर आज रात्रीच उतरवून घ्या, माईक मी देतो. उद्या सकाळी त्यांच्यापाशी बसा." माईक घेऊन ते गेले आहेत. तो परत आणून देण्याची घाई करू नका, असे मी त्यांना बजावले आहे.